ऑफिसचा पहिला फोन कोणी उचलायचा, माणसाने की 'एक दाबा, दोन दाबा'ने?

जुनी_ऑपरेटर:
चौदा वर्षं ऑफिसच्या टेलिफोन बोर्डवर बसलेय म्हणून लिहितेय. आमच्याकडे आता आयपी पीबीएक्स, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारं ऑफिसचं एक्स्चेंज, आलाय, फीचर्सची यादी पानभर, पण दिवसभर लागतं काय तर होल्ड, ट्रान्सफर, पिकअप (दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्या सेटवरून घेणं) आणि हंट ग्रुप (आलेला कॉल गटातल्या मोकळ्या सेटवर जाणं), बाकीच्याला कोणी हातही लावत नाही. आणि आल्याआल्या ऑटो अटेंडंट, म्हणजे फोन उचलून मेन्यू वाजवणारं रेकॉर्डिंग, चालू केला. विक्रीसाठी एक, सर्व्हिससाठी दोन, मग आत परत तीन पर्याय. फोन करणाऱ्याचं मशीन बंद पडलेलं असतं, तो टेन्शनमध्ये असतो, आपलं काम कुठल्या खात्यात बसतं हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, ते मी दोन वाक्यांत ओळखायचे. माझं स्पष्ट मत, पहिला फोन माणसानेच उचलायचा, मेन्यू फक्त ऑफिस बंद असताना.

वायरिंगवाला:
ताई, नाही पटलं. तुमचे कान दोन असले तरी कॉल एकच घेता येतो. एका ई-वन लाइनवर, म्हणजे फोन कंपनीच्या एका डिजिटल जोडणीवर, 30 कॉल एकदम चालतात, सकाळी आठ जणांनी एकत्र फोन केला तर सात जण नुसती रिंग ऐकत बसणार. एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने 1917 मध्येच सूत्र देऊन ठेवलंय, कॉल किती येतात, सरासरी किती वेळ चालतात आणि लाइनी किती आहेत, यावरून किती जणांना एंगेज लागणार ते काढता येतं. आणि ऑटोमॅटिक एक्स्चेंजचं 1891 चं पेटंट घेणारा स्ट्राउजर, त्याचा धंदा अंत्यसंस्काराचा, ऑपरेटर आपले कॉल दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणे, त्यातून हे सगळं सुरू झालं. मशीन कोणाची बाजू घेत नाही. मी तर म्हणतो प्रत्येकाला डायरेक्ट नंबर द्या, ना मेन्यू ना बोर्ड.

जुनी_ऑपरेटर:
डायरेक्ट नंबर द्या, पण तो माणूस रजेवर गेला की काय? खरा त्रास आहे तो ब्लाइंड ट्रान्सफरचा. समोरच्याला न सांगता कॉल ढकलायचा, तिकडे कोणी उचललं नाही की फोन कट, परत पहिल्यापासून. आधी स्वतः बोलून, 'अमुक साहेब लाइनवर आहेत, हे हे काम आहे' असं सांगून मग कॉल द्यायचा, त्याला दहा सेकंद जास्त लागतात पण समोरच्याला सगळी कहाणी परत सांगावी लागत नाही. मेन्यू ही कहाणी ऐकतच नाही हो.

रात्रपाळी:
तुम्ही दोघंही फोन कोण उचलतो यावर भांडताय, मला काळजी वेगळीच. बऱ्याच सिस्टिममध्ये बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य किंवा नऊ दाबावं लागतं. नवीन माणसाला हे माहीत नसेल आणि आग लागली तर? अमेरिकेत यासाठी 2018 मध्ये कॅरीज लॉ नावाचा कायदाच आला, 911 हा तिथला इमर्जन्सी नंबर थेट लागलाच पाहिजे, आधी कुठलाही आकडा नको. दुसरं म्हणजे जुन्या ॲनालॉग सेटला करंट तारेतूनच यायचा, एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीवर फोन चालायचा. आयपी फोनला पॉवर नेटवर्क स्विचमधून किंवा अडॅप्टरमधून, म्हणजे त्या स्विचला यूपीएस नसेल तर लाइट गेली की सगळे सेट बंद. आणि बाहेरून डायल करून आतली लाइन वापरायची सोय, डिसा म्हणतात ती, बंदच ठेवा. आमच्याकडे पिन सोपा होता, सुट्टीच्या रात्री कोणीतरी आमच्या लाइनवरून परदेशात कॉल करत बसलं, बिल आल्यावर कळलं.

वायरिंगवाला:
रात्रपाळीचे तिन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य, मी बसवतो तिथे इमर्जन्सी नंबर सगळ्यात आधी लावून बघतो. पण ताई, मेन्यू काढणार नाही. एकच लेव्हल ठेवतो, तीन पर्याय, रिकॉल टायमर 20 सेकंदांवर, म्हणजे ट्रान्सफर केलेला कॉल कोणी उचलला नाही तर कट न होता तुमच्याकडेच परत येईल. आणि शून्य दाबलं की ऑपरेटर.

जुनी_ऑपरेटर:
रिकॉलचं चांगलं आहे, ते आजच करून घेते. पण दादा, ते शून्य तुम्ही लोक नेहमी सगळ्यात शेवटी सांगता, तोपर्यंत निम्म्यांनी फोन ठेवलेला असतो. पहिल्या वाक्यात सांगा, मग बाकीचा मेन्यू वाजवा.