गावरान अंडं, आठ दिवसांचा भ्रूण आणि जिवंत अक्षतंतू: तालुक्याच्या कॉलेजात जमेल का?

खारपाणपट्टा:
कोंबडीच्या भ्रूणातून काढलेल्या चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे तिचा लांब धागा, जिवंत वाढताना पोरांना दाखवणं, माझं मत आहे, जमेल. खोडून दाखवा. बी.एस्सी.ची पोरं चेतापेशीची आकृती काढतात, नावं देतात, मोकळी होतात. अक्षतंतू पुढे सरकताना कोणी पाहत नाही. चेताशास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांनी युद्धकाळात इटलीत तुरीनला निजायच्या खोलीत आणि नंतर खेड्यातल्या घरात कोंबडीच्या भ्रूणांवर काम केलंच ना? मग आपलं काय अडलं?

फलित अंडं ३७.५ अंशांवर आठ दिवस ठेवायचं. भ्रूण उताणा करून आतडी-काळीज बाजूला सारलं की मणक्याच्या दोन्ही अंगांना संवेदी गँग्लियांची (स्पर्श-वेदना टिपणाऱ्या चेतापेशींच्या गाठींची) रांग दिसते. पायांच्या पातळीवरची सगळ्यात मोठी, ती दोन बारीक सुयांनी उचलायची. कव्हरस्लिपवर आधी पॉलिलायसिनचा (पेशींना काचेवर पकड देणाऱ्या रसायनाचा) थर देऊन तीनदा धुवायचं, कारण सुटं राहिलेलं पॉलिलायसिन पेशींना मारतं. त्यावर एल-१५ माध्यम (पेशींचं पोषक द्रावण), १० टक्के सीरम आणि मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम एनजीएफ (चेतापेशींना जगवणारं, वाढवणारं प्रथिन) यांचा थेंब, थेंबात गँग्लियन. कव्हरस्लिप दोन तास ओल्या डबीत सुलटी ठेवा, गँग्लियन चिकटू द्या. मगच खळग्याच्या स्लाइडवर उलटी करून कडा व्हॅसलीनने बंद. घाई केली तर गँग्लियन थेंबात लोंबकळतं आणि काहीच उगवत नाही. एल-१५ला कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर लागत नाही, हे विसरू नका.

२४ तासांत चहूबाजूंनी तंतू. सूक्ष्मदर्शकाला फेज कॉन्ट्रास्ट (न रंगवता पारदर्शक पेशी दाखवणारी सोय) नसेल तर कंडेन्सर खाली घेऊन डायफ्रॅम आवळा. टोकाचा ग्रोथ कोन बोटं पसरतो, आखडतो, तासाला २० ते ५० मायक्रॉन सरकतो.

मेळघाट_९:
सर, उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. घरच्या प्रयोगशाळेत रीटाबाई भ्रूणाच्या पायाचा अंकुर कापायच्या, मग भ्रूण फिक्स करून (रसायनात मारून, टिकवून), चांदीचं रंजन करून (चांदीच्या क्षाराने रंगवून) पेशी पाहायच्या. गँग्लियाचं जिवंत कल्चर (शरीराबाहेर वाढवणं) त्यांनी १९५० नंतर केलं, तेही रिओ द जानेरोला हेर्टा मायर यांच्या तयार टिश्यू कल्चर लॅबमध्ये. म्हणजे खेड्यात जमलं ते चांदीचं रंजन. तेच करा. एनजीएफ आणायचं कुठून, ठेवायचं कशात? दुपारी लाइन गेली की फ्रीज बंद.

खारपाणपट्टा:
रिओचं मान्य. पण एनजीएफचा हिशेब करा की. १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत २०० मिली माध्यम होतं. थेंब ४० मायक्रोलिटरचा, म्हणजे कागदावर पाच हजार थेंब.

मेळघाट_९:
कागदावरच. पातळ केलेलं एनजीएफ प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं. ०.१ टक्के अल्ब्युमिन (हे प्रथिन) घालून छोटे वाटे करा, एकदा वितळलेला वाटा परत गोठवू नका. फ्रीज दिवसाआड वितळत असेल तर सगळे वाटे गेले समजा.

झाडीपट्टी:
राजेहो, आधी अंड्याचं बोला. लेयर फार्मचं अंडं आणाल तर त्यात कोंबडाच नसतो, आठ दिवस उबवूनही बलकच राहील. गावरान घ्या, पण एप्रिल-मेमध्ये नाही. अंडं २७ अंशांच्या वर पडून राहिलं की भ्रूण अर्धवट वाढायला लागतो आणि उबवायच्या आधीच मरतो. आपल्याकडे तेव्हा घरातली सावलीही त्याहून तापलेली. १५ ते १८ अंशांत, फार तर आठवडाभर ठेवा. पाचव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर धरून लाल शिरा नाही दिसल्या तर काढून टाका. लाइन गेल्याने उबवण दोन-तीन तास ३० अंशांवर आली तर वाढ फक्त लांबते; ४१च्या वर गेली तर संपलं. म्हणून तास मोजू नका, हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या पायऱ्यांशी (कोंबडीच्या भ्रूणवाढीच्या ठरलेल्या टप्प्यांशी) चोच आणि पायाची बोटं ताडून पाहा.

आणि मेळघाट भाऊ, चांदीलाही बोअरचं पाणी चालत नाही. क्लोराइड असलं की सिल्व्हर नायट्रेट दुधासारखं फाटतं. डिस्टिल्डच पाहिजे, भांडी धुवायलाही.

मेळघाट_९:
पाण्याचं बरोबर. पण माझा खरा आक्षेप खर्चाचा नाहीच. चहूबाजूंनी तंतू निघाले ही वाढ झाली, दिशा कुठे दिसली? पोरगं जर्नलमध्ये लिहिणार, "एनजीएफ अक्षतंतूला लक्ष्याकडे बोलावतं". १९७९ मध्ये गुंडरसन आणि बॅरेट यांनी एनजीएफच्या पिपेटकडे तंतू वळताना दाखवले, पण बशीत. उंदराच्या भ्रूणात तंतू कातडीपर्यंत पोहोचतात त्या सुमारास तिथे एनजीएफ बनायला लागतं, हे १९८७ला दिसलं. जे अजून बनलेलंच नाही ते लांबून बोलावणार कसं? तिथे त्याचं मुख्य काम पोहोचलेल्या पेशी जगवण्याचं. वाट दाखवायला नेट्रिन, सेमाफोरिन, एफ्रिन वगैरे प्रथिनं, आणि ते तुमच्या थेंबात नाहीत.

खारपाणपट्टा:
मग प्रयोगाचं शीर्षक "अक्षतंतूची वाढ" ठेवतो, "मार्गदर्शन" काढतो. पण दिशेचा एक भाग याच थेंबात दाखवता येतो. अर्ध्या कव्हरस्लिपवरच पॉलिलायसिन द्या, गँग्लियन सीमेजवळ ठेवा. कोऱ्या काचेवर टोकाला पकड मिळत नाही, ते सीमेपाशी थबकतं किंवा कडेकडेने वळतं. लेटर्नो यांनी १९७५ला हीच निवड दाखवली होती.

मेळघाट_९:
ती पकडीची निवड. शरीरात तेवढ्याने भागत नाही. तरी हे दाखवायला माझी हरकत नाही, निदान खोटं तरी नाही.

झाडीपट्टी:
सीमा आखायला व्हॅसलीन वापरू नका, धुताना पसरतं. थर द्यायच्या आधी काचेच्या मागच्या अंगाला डायमंड पेन्सिलने रेघ ओढा. ओली झाल्यावर थराची कड कोणालाच दिसत नाही.