पोलंड १९८९ : सत्ता मिळाली, हिशेब राहिला?

रंकाळा :
फेब्रुवारी ते एप्रिल १९८९. वॉर्सात कम्युनिस्ट सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना गोल टेबलाभोवती बसले, निवडणूक ठरली. एकही गोळी न झाडता कम्युनिस्ट राजवट गेली म्हणून आपण कौतुक करतो. अहो, गोळ्या आधीच झाडून झाल्या होत्या! डिसेंबर १९८१, लष्करी कायदा, वुयेक कोळसाखाणीत ९ कामगार ठार. त्याबद्दल पहिली शिक्षा व्हायला २००७ उजाडलं. टेबलाशी बसताना हिशेब सोडून दिला, तिथेच चुकलं.

खिडकीपाशी :
आपण इथे बसून बोलणं सोपं आहे हो. सोव्हिएत फौजा तेव्हा पोलंडमध्येच तळ ठोकून होत्या, पार १९९३ पर्यंत. खटल्यांची भाषा केली असती तर टेबलाशी आलं कोण असतं? ४ जूनची मतपत्रिका आठवा. नको ती नावं पेनाने खोडायची. सत्ताधाऱ्यांच्या राष्ट्रीय यादीत ३५ बडी नावं, समोर प्रतिस्पर्धी नाही, नुसती निम्मी मतं हवीत. तरी ३३ पडले! लोकांनी केला की हिशेब.

रंकाळा :
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या ३३ जागा भरता याव्यात म्हणून मतदानाच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच नियम बदलला, तोही सॉलिडॅरिटीच्या संमतीने. आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष कोण झाला? लष्करी कायदा लावणारा यारुझेल्स्कीच. पेन लोकांचं, खोडरबर यांचं.

आडवळण :
तुम्ही दोघं मतपत्रिकेतच अडकलात राव. १ जानेवारी १९९० ला अर्थमंत्री बाल्त्सेरोविचची आर्थिक सुधारणांची योजना आली. अनुदानं कापली, भाव मोकळे सोडले. दुकानं भरली, खिसे रिकामे. ज्या ग्दान्स्कच्या गोदीत सॉलिडॅरिटी जन्मली, तीच १९९६ ला दिवाळखोरीत. मी गिरणगावात वाढलोय, मला आधी ती गोदी दिसते. १९९५ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लोकांनी सॉलिडॅरिटीचा नेता लेक वॉलेसाला पाडून माजी कम्युनिस्ट निवडला, तो काय उगाच?

खिडकीपाशी :
गोदीचं मान्य. पण वॉलेसा हरला, रुसला, तरी खुर्ची सोडलीच ना? रुमानियात हिशेब लगेच झाला, २५ डिसेंबर १९८९ ला हुकूमशहा चाउशेस्कूला गोळ्या घातल्या. सत्ता गेली जुन्या पक्षातल्याच इलिएस्कूकडे. जून १९९० मध्ये त्याच्या बाजूने खाणकामगारांनी राजधानी बुखारेस्टमध्ये येऊन विद्यार्थ्यांना झोडपलं.

रंकाळा :
रुमानिया नकोच, पटलं. पण गोळी आणि गोल टेबल यांच्या मधे कायदा म्हणून काही असतो. चेकोस्लोव्हाकियाने १९९१ मध्येच जुन्या राजवटीतल्या बड्या अधिकाऱ्यांना आणि गुप्त पोलिसांच्या खबऱ्यांना सरकारी पदांपासून लांब ठेवणारा कायदा केला. पोलंडने तसा काही करायला १९९७ उजाडलं. त्यावर बोला.