एमएस: चालू औषध बंद करून स्टेम सेल घ्यावे का? मदत हवी आहे

नमस्कार. देवगड तालुक्यातून लिहितोय. माझ्या धाकट्या बहिणीला (वय 29) 2021 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या आवरणावर हल्ला करते. आधी उजवा डोळा दुखून अंधुक झाला, मग कमरेखाली मुंग्या. कोल्हापूरला एमआरआय झाला, रीलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे झटके येऊन ओसरणारा प्रकार निघाला. तेव्हापासून डायमिथिल फ्युमरेटच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा चालू आहेत. बरी होती. यंदा शिमग्याच्या तोंडावर डावा पाय ओढायला लागली. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. दीड महिन्यात काठी सुटली, पण खळ्यात उतरताना अजून हात धरावा लागतो.

आता मामांनी मुंबईतलं एक क्लिनिक शोधलंय. पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल (मूळ पेशी) टोचणार, तीन वेळा. खर्च सात लाख. आणि अट अशी की कॅप्सूल आधी बंद करायच्या. अप्पा चाळीस हापूसची कलमं दहा वर्षांच्या कराराने द्यायला निघालेत. म्हणतात, "चेडू चलूक व्हया. कलमां काय, परत लावूक येतत." यावर मी काय बोलू?

आईने गाऱ्हाणं घातलं, वैद्यांचं तेल पायाला चोळते. त्याला माझी हरकत नाही, कारण त्यापायी कोणी तिचं औषध थांबवायला सांगत नाही. क्लिनिकची भीती वाटते ती तेवढ्याचसाठी. कॅप्सूलने एमएस बरा होत नाही, पण पुढचे झटके कमी होतात. ती सोडली आणि मधल्या काळात मोठा झटका आला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

क्लिनिकवाल्यांनी 2019 चा एक अभ्यास पाठवला. नीट वाचला तर तो वेगळ्याच उपचाराचा निघाला. त्यात 110 रुग्ण होते. ज्यांच्यावर तो उपचार झाला त्यांना केमो देऊन प्रतिकारशक्ती दडपली आणि मग त्यांच्याच रक्तातल्या मूळ पेशी परत दिल्या. तो उपचार निवडक रुग्णांसाठी आहे, जंतुसंसर्गाचा धोकाही मोठा. चरबीच्या पेशींचा त्याच्याशी संबंध नाही.

एमएससाठी मानेच्या शिरा फुग्याने रुंद करण्याचा उपचार आठवतो का कोणाला? इटलीच्या डॉ. झांबोनी यांनी 2009 मध्ये मांडला होता. जगभर लोकांनी पैसे भरून करून घेतला. 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने धोक्याचा इशारा दिला आणि 2017 मध्ये झांबोनींच्याच चाचणीत फायदा दिसला नाही. तोपर्यंत "मी चालायला लागलो" असे किती व्हिडिओ आले होते!

कोणी असा उपचार घेतलाय का? आणि अप्पांना कसं समजावू? पुढच्या सोमवारी व्यापारी आगाऊ रक्कम घेऊन येणार आहे.

प्रतिसाद (मालवण): दादा, माझ्या यजमानांना अकरा वर्षं एमएस आहे. तुमची बहीण दीड महिन्यात काठीशिवाय चालली ना? त्या दीड महिन्यात ती क्लिनिकला गेली असती तर श्रेय त्यांना मिळालं असतं. रीलॅप्स (झटका) बहुतेकदा आपणहून ओसरतो, म्हणून एकेकाचे अनुभव फसवतात. अप्पांना हे तिच्याच उदाहरणावरून सांगा.

क्लिनिकला फोन करून फक्त सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असा उपचार नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कॅप्सूल चालू असताना झटका आला, हे न्यूरोलॉजिस्टना कळायलाच हवं. औषध बदलायचं का ते विचारा. रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब असे पर्याय आहेत. रक्तातल्या लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, या कॅप्सूलने कमी होऊ शकतात) मोजल्यात ना?

आणखी एक. मे महिन्यात तिला गरम पाण्याने आंघोळ घालू नका. उकाड्याने जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. आमच्याकडे तेव्हा घाबरून भलते निर्णय झालेत.

धागाकर्ता: ताई, खूप आभार. आत्ताच फोन केला. क्रमांक विचारल्यावर "तसं काही लागत नाही" म्हणाले. फोन स्पीकरवर होता, अप्पा बाजूलाच बसले होते. काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने व्यापाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगून आले. शुक्रवारी कोल्हापूरची वेळ मिळाली आहे. लिम्फोसाइट्सचा शेवटचा रिपोर्ट शोधतोय.