उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत किती तास? (अनुभव धागा)

लेक न्यू जर्सीला असते. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण 12,500 किलोमीटर, थेट विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास लागतात. मे महिन्यात ती परत निघाली तेव्हा मी वहीत वेळ टिपून ठेवली. रत्नागिरीच्या घरातून पहाटे पाचला निघाली, तिच्या घराचं कुलूप उघडलं 40 तासांनी. तुमचे तास सांगा. अडीअडचणीला धावून येणाऱ्यांना खरा हिशेब कुठेच मिळत नाही.

दापोलीहून:
मुलगा दुबईला. अंतर 1,900 किलोमीटर, विमानाचे तीन तास. दापोली-मुंबई सव्वादोनशे किलोमीटर, एसटीने सहा-सात तास. दुबई जवळ की मुंबई, तुम्हीच ठरवा.

मालवणहून:
2018 च्या जुलैत पहाटे बाबा गेले. भाऊ लंडनला. 7,200 किलोमीटर, येताना नऊ तास, म्हणून सगळे म्हणाले, उद्या सकाळी येईल. तिकीट मिळालं रात्रीचं. दुसऱ्या दिवशी अकराला तो मुंबईत उतरला. आमच्या जवळचा चिपीचा विमानतळ सुरू झाला ऑक्टोबर 2021 मध्ये, तेव्हा तो नव्हताच. त्यात पावसाळी वेळापत्रकामुळे कोकण रेल्वे सावकाश धावते. म्हणून गाडी करून निघाला आणि महामार्गाच्या खड्ड्यांत अडकला.

इकडे माजघरात बर्फाच्या लाद्या वितळत होत्या. पाणी उंबऱ्याखालून अंगणात जात होतं, आम्ही पोती टाकत होतो. आदल्या रात्रभर आजी पुतण्याच्या फोनवरच्या नकाशात सरकणारं ते पिवळं विमान बघत बसली होती. दर थोड्या वेळाने एकच, "खंय पावलो रे?" (कुठे पोचला रे?) भावाने बाबांच्या पायांना हात लावला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. एकूण 44 तास, त्यातले विमानाचे नऊ. कळकळीने सांगते, अशा वेळी माणसांना विमानाचे तास सांगून थांबवू नका. पुढच्या रस्त्याचे तास आधी मोजा.

देवगडहून:
मी बोटीवर नोकरी केली, म्हणून थोडं सांगतो. भिंतीवरच्या नकाशावर अंतर मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा, तो उत्तरेकडे चढतो. तीच जवळची वाट. पश्चिमेला जाताना वेळ जास्त लागतो, कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं वाहतं. येताना तेच पाठीशी असतं. शिवाय हवाई हद्द बंद झाली की वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने ती भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या कितीतरी फेऱ्या लांबल्या.

वेंगुर्ल्याहून:
2023 च्या जानेवारीत गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं आणि आमचा मुंबईपर्यंतचा रात्रभराचा प्रवास वाचला. तिथून मुंबई सव्वा तास. फक्त मोपा-मुंबई आणि पुढचं तिकीट एकाच बुकिंगवर काढा. आम्ही वेगवेगळी काढली होती. पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं, पुढचं गेलं, आणि सुनेला पैसे भरून दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढावं लागलं. कडेवर आठ महिन्यांचं बाळ होतं.