प्रति: मुलांना जपानी शिकवायचं, पण क्लास न लावता

वर कुणीतरी विचारलंय की सेवा आणि भाषा एकत्र कसं काय जमणार. आमच्याकडे ठाण्यात रविवारी सकाळी उपवन तलावाशी सोसायटीची दहाबारा पोरं घेऊन आम्ही दोघी-तिघी कचरा वेचायला जातो, त्याला जपानीत गोमी हिरोई म्हणतात, आणि हातमोजे घालता घालताच शब्द सुरू होतात, मोएरु गोमी म्हणजे जळणारा कचरा, मोएनाई गोमी म्हणजे न जळणारा (आपल्या ओल्या-सुक्यापेक्षा वेगळी वाटणी, त्यावरून पोरांची मस्त भांडणं होतात, कुरकुऱ्यांचं पाकीट नक्की कशात!). तिकडे जपानमध्ये शाळेत मुलं वर्ग स्वतः झाडतात-पुसतात हे सांगितलं तर एक जण म्हणाला, मग मावशी काय करतात?

व्याकरणाची भीती तर अजिबात नको, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आणि प्रश्नाला शेवटी चक्क ‘का’ लागतो, ‘इकिमास का’ म्हणजे ‘जाणार का’, हे ऐकून सगळी खिदळतात. हिरागाना या जपानी लिपीची 46 अक्षरंही अ इ उ ए ओ, का कि कु अशीच लागतात, कारण तो क्रम संस्कृत वर्णमालेवरून घेतलाय. लिहायला मात्र रडतात हां, ‘नु’ आणि ‘मे’ मध्ये माझाही अजून घोळ होतो.