मदत हवी आहे: ९ एमएम की .३८०?

मंडळी, ह्यूस्टनमध्ये राहतो. घराच्या संरक्षणासाठी पहिलं पिस्तूल घ्यायचंय, पण कॅलिबरवर (गोळीच्या मापावर) घोडं अडलंय. वापरणार मी आणि बायको दोघंही, आणि तिच्या मनगटाला संधिवात आहे.

रेंजवर भाड्याने दोन्ही चालवून पाहिली. ९ एमएमची स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) तिला पूर्ण मागे ओढता येईना, अंगठा सारखा घसरत होता. .३८० मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी पिस्तूल होतं, त्याची स्लाईड मात्र तिने सहज ओढली, धक्काही कमी. पण .३८० च्या हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणाऱ्या) गोळ्या नीट फुलल्या तर बरेचदा एफबीआयच्या जेल चाचणीतल्या किमान १२ इंच खोलीपर्यंत पोचत नाहीत, आणि खोल गेल्या तर फुलत नाहीत, हे मला खटकतं. शिवाय ९ एमएमच्या गोळ्या स्वस्त, म्हणजे सराव जास्त. .४० चा विचार सोडलाय. एफबीआयसुद्धा .४० सोडून ९ एमएमकडे परतली.

ईझी ९ एमएममध्येही मिळते. संधिवात असलेल्या कुणी ती वापरली आहे का? पन्नासेक गोळ्यांनंतर मनगट दुखतं का? आणि आमच्या भिंती ड्रायवॉलच्या (पातळ जिप्सम बोर्डाच्या), पलीकडे मुलांची खोली. चुकलेली गोळी दोन्ही कॅलिबरमध्ये आरपार जाईल हे कळतं, तरी तुम्ही कोणती गोळी भरता? लॉकबॉक्स आधीच घेतलाय. अनुभव असेल तर जरूर सांगा.