व्हर्जिनियात नुसता हायवे धरून भागत नाही
अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) जाऊन त्या नकाशावर रंगवत जायच्या, असा एक छंद आहे. त्यात कुणी म्हणतं की आय-८१ हा हायवे धरून सरळ गेलं की व्हर्जिनियाचा पश्चिम भाग नकाशावर रंगवून होतो. काउंट्यांपुरतं ते बरंचसं खरं आहे, पण तिथली ३८ शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत. जनगणना खातं त्यांना काउंटीच्या बरोबरीने मोजतं, त्यामुळे देशभरातली ३,१०० च्या वरची पूर्ण यादी करायची तर ती वेगळी गाठावी लागतात. हॅरिसनबर्गमधून हायवेच जातो, ते आपोआप होतं. लेक्सिंग्टन आणि ब्वेना व्हिस्टा मात्र रॉकब्रिज काउंटीच्या पोटात आहेत, हायवे सोडून आत वळल्याशिवाय मिळत नाहीत. आम्ही मुद्दाम वळलो. लेक्सिंग्टनची जुनी विटांची मेन स्ट्रीट पायी फिरलो, मग रूट ६० ने ब्वेना व्हिस्टा. अंतर अगदी थोडं. माझ्या मते या छंदातला खरा आनंद अशा वळणांतच आहे, नुसतं गाडीतून हद्द ओलांडण्यात नाही.

आणि नकाशा जुना असेल तर तपासून घ्या. व्हर्जिनियातलं बेडफर्ड २०१३ मध्ये स्वतंत्र शहर राहिलं नाही, पुन्हा काउंटीत गेलं. कनेक्टिकट राज्याच्या ८ काउंट्यांऐवजी जनगणना खातं आता ९ नियोजन विभाग धरतं.